चान्यांतली हळद

दादा, रूथचा फोन आला होता. आधी तुझ्या नंबरवर लावला असणार, तो कुणी उचलला नाही म्हणून मग माझ्या. तिला काहीच माहीत नव्हतं. नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमचं अर्धं जनावर कापून, गोठवून तयार आहे. भाऊ कधी येतोय न्यायला?" मी म्हटलं, "तो नाही येणार, रूथ. मी येईन." मग तिला कळलं. गुरं सांभाळणारी बाई, फार बोलली नाही. "माझ्या फ्रीझरमध्ये जागा आहे. तू सावकाश ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तू गेल्यापासून माझ्याशी इतकं कामाचं कुणीच बोललं नव्हतं.

बाकीचे भरपूर बोलले. तुझ्या गावच्या, नोव्हायच्या त्या हॉलमध्ये तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, तुझी लेक यशोधरा चार वाक्यं इंग्रजीत बोलली आणि पाचव्याला तिला हुंदका आला. मग एकेक जण उठला. तुझी नोकरी, तुझे गिअरबॉक्स, मराठी मंडळाच्या नाटकात तू लावलेले दिवे. ते मी इथे लिहीत बसत नाही. पण एक तुला सांगायलाच हवं. मंडळाचे ते काका, ज्यांना तू पाठीमागे 'सभापती' म्हणायचास, ते माइक धरून म्हणाले, "अतिशय सात्त्विक माणूस. आहारसुद्धा किती सात्त्विक! कधी पनीरच्या पुढे गेला नाही." दादा, मला हसू फुटलं. ओढणी तोंडात कोंबली तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारच्या काकूंनी मला जवळ ओढलं, "रडून घे गं, मोकळी हो." मी हसत होते, आणि हसता हसता कधीतरी खरंच रडायला लागले. डोळे पुसून मान वर केली ती तुला शोधायला. या विनोदावर माझ्यासारखंच हसला असता असा त्या हॉलमध्ये एकच माणूस होता, आणि तो समोर फोटोत बसला होता.

त्यांना काय माहीत, मंडळाच्या जेवणात तू पनीर का घ्यायचास. तिथलं मटण तुला पाणचट लागायचं, आणि आपलं तिथे नसायचंच.

आपलं म्हणजे मोठ्याचं. उदगीरच्या घरी त्याला दुसरं नाव नव्हतं. गाईचं नाही, बैलाचं नाही, नुसतं मोठ्याचं. शेळीचं ते मटण, हे मोठ्याचं. माय सांगायची, "मेलेलं आपल्या दारात कधी आलं नाही. तुमच्या बापानं बाजारातून आणलं, ताठ मानेनं आणलं." आणि तरी शाळेत डब्यात काय आहे विचारलं तर आपण दोघंही "वांगं" म्हणायचो. इतकी वांगी तर उदगीरच्या बाजारातही येत नसतील.

तू अमेरिकेत आलास तेव्हा इंग्रजी पक्कं होतं, पण हा शब्द तुला इंग्रजीत माहीतच नव्हता. म्हणजे 'बीफ' माहीत होतं, पण ते पुस्तकातलं. दुकानात काउंटरवर उभा राहिलास आणि घरातलाच शब्द तोंडातून निघाला, "आय वॉन्ट द मीट ऑफ द बिग वन." नोव्हेंबर महिना होता, इथल्या टर्कीच्या सणाचा. त्या माणसानं खुशीत येऊन आतून तुझ्या हातात दगडासारखी गोठलेली अख्खी टर्की ठेवली. आणि तू लाजेकाजेस्तव ती घेऊन आलास! भाड्याच्या खोलीत ती टर्की बाथटबमध्ये वितळत पडली होती आणि तू मला फोनवर म्हणत होतास, "यडे, एवढी मोठी कोंबडी आपल्याकडं असती तर शेतच नांगरलं असतं तिनं." मी तेव्हा उदगीरलाच होते. मायला सांगितलं, तर तीही किती तरी वेळ हसत होती.

पुढे मीही आले, लग्न केलं, ते काही टिकलं नाही, आणि नेपरव्हिलमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या मोजत राहिले. तू नोव्हायला, मी इथे, मध्ये पाच तासांचा रस्ता. फोनवर आपण हवापाण्याचं कधी बोललो नाही. तुझं एकच रडगाणं: "यांच्या मोठ्याला चवच नाही गं. ओला कापूस चावल्यासारखं लागतं." तू मसाला बदललास, तिखट लातूरहून मागवलंस, कुकर बदललास. मायचं कालवण चुलीवर दुपारभर शिजायचं म्हणून तू कुकरला सात शिट्ट्या द्यायचास. इथलं कोवळं मांस, सात शिट्ट्यांत त्याचं खिमट व्हायचं. मी म्हणायचे, "दोन शिट्ट्या कर." तू म्हणायचास, "दोन शिट्ट्यांत काय शिजतंय? डाळ?" किती वर्षं आपण मसाल्याशी आणि कुकरशी भांडलो. जनावराकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

ते सुचलं कलामझूच्या अलीकडे. आपण अर्ध्या वाटेवर भेटायचो ना, त्या हायवेलगतच्या डायनरमध्ये, तू अंडी मागवायचास आणि मी तुझ्या ताटातला बटाटा खायचे. त्या दिवशी जेवून सफरचंदं घ्यायला आतल्या रस्त्यानं निघालो आणि तू गाडीला असा ब्रेक मारलास की माझा चष्मा पडला. कुंपणापलीकडे शिंगं. दोन्ही हात पसरावेत अशी आडवी शिंगं. खाली सडपातळ अंग, बरगड्या दिसतायत, पाठीवर तांबडेपांढरे ठिपके. "खिल्लार!" तू ओरडलास. मी म्हटलं, "वशिंड कुठाय मग?" वशिंड नव्हतं. लाँगहॉर्न होते ते. पण तू तोवर उतरून कुंपणाशी पोचला होतास आणि रूथ बादली घेऊन तुझ्याकडे येत होती.

रूथनं त्या दिवशी आपल्याला तासभर उभं करून सांगितलं. ही इथली जुनी जात. शेकडो वर्षांपूर्वी स्पेनहून जहाजातून आली, रानात मोकाट सुटली, काटेकुटे खाऊन, दुष्काळ काढून, कुणाच्या मदतीशिवाय वाढली. आता फार लोक पाळत नाहीत, कारण ती लवकर भरत नाही. दुकानातलं जनावर मका चारून, एका जागी उभं करून झटपट फुगवतात. ही दिवसभर चालणारी, गवतावरची, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे अंगानं भरणारी. म्हणून मांस गडद, चरबी थोडी, आणि ती आतल्या धाग्यात मुरलेली नसते, कडेला वेगळी बसते. "माझ्याकडं स्टेक मागायला येऊ नका," ती म्हणाली. "हे मांस घाई करणाऱ्याचं नाही." तू माझ्याकडे बघितलंस. माय म्हणायची, काम केलेल्या अंगालाच चव असते. तिच्या कालवणातला बैल आयुष्यभर कुणाचं तरी शेत नांगरून आलेला असायचा.

परतताना गाडीत तू एकदम खुशीत होतास. "म्हणजे हीसुद्धा देशीच की! आपण देसी, ती देशी." मी म्हटलं, "स्पेनहून आलेली देशी कशी होईल?" तू म्हणालास, "मग किती वर्षं राहिलं की इथलं व्हायचं? सांग की. तू तर अजून ग्रीन कार्डावरच चरतीयस." त्यावर मी तुझ्याशी डायनरशी उभी केलेली माझी गाडी येईपर्यंत भांडले. तो वाद राहिलाच, दादा. तू म्हणायचास जिथं चारा खाल्ला तिथलं. मी म्हणायचे जिथं पहिला खाल्ला तिथलं. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते, आणि माझ्या बाजूनं बोलताना जोर येत नाही.

पहिलं अर्धं जनावर आणलं तेव्हा तुझ्या घरात जागा मिळाली ती गॅरेजमध्ये. वहिनींचं म्हणणं स्पष्ट होतं. "आमच्या आजोबांनी ते सोडलं. मान मिळावा म्हणून सोडलं, सोपं नव्हतं. आणि तुम्ही सातासमुद्रापार येऊन परत धरताय." त्यांचं चुकीचं नव्हतं. तूही कधी त्यांना चूक म्हणाला नाहीस. "तिचं सोडणं खरं, माझं धरणंही खरं," असं म्हणून तू गॅरेजमध्ये शेगडी मांडलीस, गाडी बाहेर काढलीस आणि दार अर्धं वर केलंस. मांस जांभळट होतं. शिजायला लागलं तेव्हा दुकानातल्या मांसासारखा दुधाळ वास नाही, ओल्या गवताचा, थोडा लोखंडाचा वास आला. शिजायला अख्खी दुपार लागली. रस्सा पातळ पण असा की ओठ चिकटावेत. दाताला काम होतं. तू पहिला घास घेतलास, डोळे मिटलेस. मी वाट बघत होते. तू डोळे उघडून म्हणालास, "जवळ आलंय." मी म्हटलं, "हं."

नंतर दर साली तू तेवढंच म्हणालास. जवळ आलंय. कधी कांदा भाजून घातलास, कधी नळ्या फोडून घातल्यास, कधी खोबरं वगळलंस. जवळ आलंय गं, थोडंच राहिलंय. गावी जाऊन एकदा खात्री करून यावी म्हटलं, तर गोवंशबंदीचा कायदा आल्यापासून तिथे ते मिळत नाही. चुलतभाऊ दार लावून घेऊन मगच त्याबद्दल बोलला. परतताना विमानात तू म्हणालास, "आता ही चव फक्त आपल्या दोघांच्या जिभेवर राहिली बघ." तेव्हा मला ते वाक्य जरा नाटकी वाटलं होतं.

आणि चान्या. त्यावरून तर आपण जितकं भांडलो तितकं नवराबायको भांडत नाहीत. मांस धाग्याच्या बाजूनं उलगडत लांब पट्ट्या कापायच्या, मीठ चोळायचं, दोरीवर उन्हात वाळवायच्या. बस, एवढंच. पावसाळाभर पुरायच्या. तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजल्या की भाकरीबरोबर दुसरं काही लागायचं नाही. तू म्हणायचास, माय फक्त मीठ लावायची. मी म्हणायचे, मीठ आणि हळद. मला दिसतंय ना, दोरीवरच्या चान्या पिवळ्या दिसायच्या! कावळे हाकलायला मीच बसायचे काठी घेऊन, तू गोट्या खेळत असायचास. तू म्हणायचास, "तुला चष्मा लागायच्या आधीपासून दिसत नव्हतं."

पहिल्या वर्षी तू त्या थेट मागच्या अंगणात दोरी बांधून वाळत घातल्यास. ऑक्टोबरचं ऊन बरं पडलं होतं. शेजारची बाई कुत्रा फिरवताना थांबली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "वॉव! बेस्ट हॅलोवीन डेकोरेशन ऑन द ब्लॉक." तू तिला थँक्यू म्हणालास! आणि दोन दिवस काही काढलं नाहीस, कारण आता काढलं तर तिला संशय आला असता. तिसऱ्या दिवशी रॅकून नावाच्या चोरट्या प्राण्यानं सगळा देखावा उतरवून नेला. मग तू तुझ्यातला इंजिनीअर जागा केलास. सुकवायचं मशीन आणलंस, इंटरनेटवर वाचलंस की चरबी खवट होते, म्हणून पट्ट्यांची सगळी चरबी सुरीनं कोरून काढलीस. चान्या नीटनेटक्या झाल्या, तपकिरी, एकसारख्या. खाल्ल्यावर म्हणालास, "जवळ आलंय." मी म्हटलं, "हळद नाही घातलीस ना, म्हणून."

ही झाली आपली शेवटची पाच वर्षं. लोक म्हणतात भाऊबहीण म्हातारपणी एकमेकांचा आधार होतात. आपण काय होतो कोण जाणे. आपण एका गॅरेजमध्ये बसून चव आठवणारी दोन माणसं होतो, आणि मला दुसरं काही नको होतं.

परवा रूथकडे जाऊन आले. एकटी निघाले होते, पण यशोधरानं ऐकलं नाही. शॉमबर्गच्या तिच्या घरून सकाळी आली, "आत्या, आय अ‍ॅम ड्रायव्हिंग" म्हणाली आणि चावी हातातून घेतली. तुझ्यासारखाच ब्रेक मारते. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "त्यांचं ते... मोठ्याचं आणायला जाणार आहेस ना? नीट जा." तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो शब्द घेतलेला मी पहिल्यांदा ऐकला. नुसतं "हो वहिनी" म्हटलं.

रूथनं खोकी गाडीत चढवून दिली. तुझ्याबद्दल म्हणाली, "माझ्या खाटकाला त्यानं जितके प्रश्न विचारले तितके सगळ्या काउंटीनं मिळून विचारले नसतील." मग यशोधराला कुंपणापाशी नेऊन शिंगं दाखवली. पोरगी बराच वेळ तिथेच उभी राहिली. येताना गाडीत तिनं विचारलं, "बाबा हे इतकं का करायचा? लाइक, व्हॉट वॉज ही लुकिंग फॉर?" मी म्हटलं, "आजीच्या हातची चव." ती म्हणाली, "बट आजीला तर मी कधी भेटलेच नाही." खरंच की. माय गेली तेव्हा ती जन्मलीसुद्धा नव्हती.

माझ्याकडे गॅरेज नाही, मशीन नाही. तळघरात घर गरम करणाऱ्या भट्टीजवळ दोन दोऱ्या बांधल्या, पंखा लावला. यशोधरा मांस उलगडत कापायला शिकली, हात तुझा आहे तिचा, न घाबरणारा. अर्ध्या पट्ट्यांना मी मीठ आणि हळद लावली, माझ्या. अर्ध्यांना नुसतं मीठ, तुझ्या. ती सुरी घेऊन म्हणाली, "आत्या, फॅट काढायचं ना? बाबा ऑलवेज ट्रिम्ड इट." मी म्हटलं, "राहू दे गं." काही विचार करून नाही म्हटलं, दादा. कंटाळा आला होता. तू नसताना इतकं नीटनेटकं करायचं कुणासाठी?

ती मुक्कामालाच राहिली. वर-खाली करत होती, दोरीखाली वर्तमानपत्र बदलत होती. चान्या वाळल्या तेव्हा तिनेच हाक मारली, "आत्या, तू सगळ्यांनाच टर्मरिक लावलंस का?" मी खाली गेले. दोन्ही दोऱ्या पिवळ्या होत्या. तुझीसुद्धा. कडेची चरबी सुकून गर्द पिवळी झाली होती, मांसाच्या धाग्यांवर ओघळली होती. मी बोट लावून चाटलं. नुसतं मीठ. हळद नव्हतीच, दादा. गवतावर चालून मोठ्या झालेल्या जनावराची चरबी अशीच पिवळी असते, मायच्या दोरीवर मला दिसायचा तो रंग तिचा होता. तू बरोबर होतास. आणि जिच्यामुळे बरोबर होतास तीच चरबी तू दर साली कोरून कचऱ्यात टाकत होतास. मायनं चरबीचा कणसुद्धा कधी टाकला नव्हता. अर्धं तुझ्याकडे होतं आणि अर्धं माझ्याकडे, आणि भांडणाच्या नादात आपण ते कधी शेजारी ठेवलंच नाही. मी तळघराच्या पायरीवर बसले आणि तुला शिव्या घातल्या. यशोधरा घाबरून म्हणाली, "आर यू ओके?" मी म्हटलं, "तुझा बाप जिंकला. त्याला सांगायला हवं."

तुझ्या दोरीवरच्या दोन चान्या वर आणल्या, गॅसच्या आचेवर धरल्या. चरबी फुलली, तडतडली, वास घरभर झाला. तव्यावर ज्वारीची भाकरी होती, जाडीभरडी, माझ्या हाताला मायसारखी कधी जमली नाही. एक तुकडा तोंडात घातला. आधी मीठ लागलं, मग तो कडक धागा, आणि मग चरबी वितळली. दादा, ती होती. जवळ नाही. तीच.

यशोधरानंही खाल्लं. सावकाश चावलं, बापासारखे डोळे मिटले, उघडले. "इट्स गुड," म्हणाली. "स्ट्राँग आहे, बट गुड. आत्या, इज धिस इट? बाबा शोधत होता ते हेच?"

"हेच," मी म्हटलं.

"हाउ डू यू नो?"

खोचकपणे नाही विचारलं तिनं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजवर तू घास घेऊन माझ्याकडे बघायचास, मी तुझ्याकडे बघायचे, त्यालाच आपण कळणं म्हणत होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. मी हातातला घास तसाच धरून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले, तू काय म्हणतोस ते ऐकायला.